चौकोनी मनगट

भागामावशी माणसाचा चेहरा नंतर बघत, आधी हात. बुऱ्हाणपुरात आमचं बिऱ्हाड उतरलं त्या दिवशी त्या शेजारच्या ओट्यावर बांगड्यांची टोपली पुसत बसल्या होत्या. मी ट्रंक घेऊन दाराशी आले, तर नाव नाही, गाव नाही, एकदम म्हणाल्या, "सव्वादोन." मला वाटलं, कसला तरी भाव सांगताहेत; ते बांगडीचं माप होतं. मग त्यांनी माझा हात ओढून घेतला, बोटं एकत्र दाबून पाहिली आणि मान हलवली. "हाये सव्वादोनच. पण भेवून अडीच झाला हाये. घाबरलेला हात मोठा व्हतो, पोरी. सैल सोड."

मी कोकणातली. चौथीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि नवऱ्याला इथल्या गिरणीत काम लागलं म्हणून खाडीकाठची मी तापीकाठी येऊन पडले. संस्थानं विलीन होण्याचे ते दिवस. आज अमक्या राजाने सही केली, उद्या तमक्याचं निशाण उतरलं, अशा बातम्या रोज. आमच्या गल्लीत पुरुषमाणसं वाद घालत, आता आपण कुठल्या प्रांतात जाणार म्हणून. मला त्यातलं काही कळत नसे. इथली मराठीसुद्धा मला अर्धीच समजायची. भाजीवाली "काय देऊ व बाई" म्हणाली तरी ती भांडतेय असं वाटे. त्या सगळ्यात भागामावशींचं बोलणं तेवढं मला कळायचं, कारण बोलताना त्यांचा हात माझ्या हातात असायचा.

त्या कासारीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, टोपली सासूकडून आलेली. बांगड्या भरताना त्या बाईला कधी "दुखतं का?" म्हणून विचारत नसत. विचारत भलतंच. "माहेरी विहिरीले पाणी किती असते व?" किंवा "तुह्या मायच्या हातची कोणती भाजी चांगली?" बाई आठवायला लागे, डोळे कुठेतरी लांब जात, आणि तेवढ्यात बांगडी मनगटावर. मी शेजारी बसून कित्येकदा टक लावून पाहिलं, पण ती नेमकी कधी चढली हे मला एकदाही दिसलं नाही. एखादी विचारायची, "मावशी, केलं काय तुम्ही?" त्या म्हणत, "म्या काय केलं? तू माहेरी गेलती, तवा बांगडी घरात आली."

आम्हाला येऊन सहा महिने झाले असतील. नवऱ्याला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस मी पाण्याच्या पट्ट्या बदलल्या, आणि इच्छापूरच्या देवीला नवस बोलले, हे उठून कामावर गेले की चैत्रातल्या जत्रेत तुझी ओटी भरीन. ते उठले. कामावरही गेले. पण अंगात ताकद नव्हती, सकाळी जाग येईना. गिरणीचा भोंगा आमच्या घरापर्यंत वारा असेल तरच पोचायचा. दोनदा उशीर झाला. मुकादमाने सांगितलं, तिसऱ्यांदा उशिरा आलास तर दारातूनच परत जा. तेव्हापासून मी झोपणंच सोडलं होतं म्हटलं तरी चालेल.

जत्रेला मी भागामावशींच्या बैलगाडीतून गेले. देवळाच्या पायऱ्यांपाशी कडुनिंबाखाली त्यांची जागा ठरलेली. सासूच्या सासूपासूनची. वर्षाची निम्मी कमाई त्या नऊ दिवसांत होई. त्यांनी टोपली मांडली आणि मला म्हणाल्या, "खण-नारळ घेऊन ये, संगंच जाऊ वर." माझ्या पदराच्या गाठीला नवऱ्याने दिलेले ओटीचे पैसे होते.

खणवाल्याच्या आधी रिंगवाला लागला.

फळ्यांवर चौकोनी लाकडी ठोकळे मांडलेले, प्रत्येकावर एक वस्तू: साबण, आरसा, पितळी फुलपात्र. आणि मधल्या ठोकळ्यावर गजराचं घड्याळ. पांढरी तबकडी, वर दोन घंटा, चालू. दोरीच्या अलीकडे उभं राहून वेताची रिंग फेकायची, ठोकळ्याभोवती पार खाली फळीला टेकली की वस्तू तुमची. "राजासाहेबाच्या पलंगाजवळचं घड्याळ हाये बाई!" रिंगवाला ओरडत होता. त्याचं नाव रामसिंग. वरच्या बाजूच्या कुठल्या लहानशा संस्थानात तो चाकरीला होता. संस्थान गेलं, चाकरी गेली, वाड्यातल्या सामानाची विक्री झाली त्यात त्याच्या वाट्याला हे घड्याळ आलं. तो सारखा रिंग ठोकळ्यावर नेऊन अलगद सोडायचा. सर्रकन खाली. "देखो, लहान पोराले पण जमते!"

मी एक रिंग फेकली. ती ठोकळ्याच्या कोपऱ्यावर टेकली, जराशी डुलली आणि बाहेर पडली. नुसती लांब जाऊन पडली असती तर मी निघाले असते. पण ती डुलायची. प्रत्येक रिंग डुलायची. "अगदी थोडक्यात गेलं बाई," रामसिंग हळहळायचा, आणि ते खोटंही वाटायचं नाही. माझ्या डोळ्यांपुढे गजर वाजत होता, हे वेळेवर उठत होते. पदराची गाठ कधी मोकळी झाली, कळलं नाही.

मग कळलं, तेव्हा मी ती गाठ पुन्हा पुन्हा चाचपली. देवीचे पैसे होते ते. ज्या देवीने ताप उतरवला, तिच्या दारात मी तिची ओटी घालवून बसले होते. ताप परत येणार, हे मला समोर दिसत होतं. मी कडुनिंबाखाली जाऊन मावशींना सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, रडले.

त्या रागावल्या नाहीत. टोपलीवर फडकं टाकलं आणि म्हणाल्या, "चाल, दाखव."

रामसिंगपाशी जाऊन त्यांनी एक रिंग हातात घेतली, दोन बोटांत फिरवली. मग ठोकळ्याकडे पाहिलं, एखाद्या बाईच्या हाताकडे पाहावं तसं. मला हळूच म्हणाल्या, "चौकोनी मनगट हाये हे. चारी कोपरे एकदम सुटले तरच उतरंल. म्हंजे बांगडी सपाट आली पाहिजे, नीट डोक्यावरून. दोरीच्या अलीकडून फेकलेली तिरपीच येते. तू साता जन्मात जिंकली नसती." एवढं त्यांना ती रिंग दोन बोटांत फिरवून कळलं होतं.

मला वाटलं, आता त्या भांडणार. त्या पाहत होत्या मागे बसलेल्या रामसिंगच्या बायकोकडे. ती वेत वाकवून रिंगा बांधत होती. केसर नाव तिचं. हात दोन्ही भुंडे.

"बांगड्या कहून नाई व?"

"अडीचची चढते," केसर म्हणाली, "पण मनगट बारीक, सैल होते. काम करताना आपटून वाढते. लहान चढतच नाही. सगळे कासार हरले."

"सव्वादोन भरते मी."

रामसिंग हसला. "मौसी, त्या हातात? वेत ओढून ओढून लाकूड झालंय."

"भरली तर या पोरीचे ओटीचे पैसे देजो. तिले लागतीन तेवढेच."

"और फूटी तो? चैत्राच्या नवरात्रात, देवीसमोर, माझ्या सुहागनच्या हातात काच फुटली तो?"

"तर या जत्रेत परत टोपली उघडणार नाई."

भोवती गर्दी जमली होती. एक म्हातारा म्हणाला, "भागाबाई, खुळी झाली काय? परक्या पोरीपायी?" मी त्यांचा पदर ओढला. "मावशी, नको." त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. टोपलीतून हिरवी सव्वादोनची बांगडी काढली, केसरसमोर मांडी घातली आणि तिचा हात मांडीवर घेतला. तो हात मुठीसारखा आवळलेला होता. बांगडी बोटांवरून सरकली आणि अंगठ्याच्या सांध्यापाशी अडली. काच कुरकुरली.

"राजाच्या वाड्यात राहत व्हती तू?" मावशींनी विचारलं.

"वाड्याच्या मागे. घोड्यांच्या पागेजवळ."

"घोडे व्हते? कोणता चांगला व्हता?"

केसरची नजर बांगडीवरून उठली. मग म्हणाली, "एक पांढरी घोडी होती. मी गेले की मान खाली घालायची. विकली तिला. जाताना मागे वळून..." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, खांदा उतरला, कोपर उतरलं.

हिरवी बांगडी मनगटावर होती. अख्खी.

पहिल्यांदा आवाज आला तो रामसिंगचा, आणि तो फक्त "अरे" म्हणाला. केसरने हात वर करून पाहिला, हलवला, आणि बांगड्या भरल्यावर करतात तसा वाकून मावशींना नमस्कार केला. मावशींनी दुसरा हात मागितला. दोन्ही हातांत सहा-सहा भरूनच त्या उठल्या. रामसिंगने पैसे माझ्या हातात ठेवले आणि मान वर न करता घड्याळही उचलू लागला. मावशी म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. लोक त्याच्यासाठी थांबतात. ते गेलं तर तुह्या दुकानात साबण उरंल."

पायऱ्या चढताना मी पाहिलं, त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं आणि बोटाच्या पेरातून रक्त येत होतं. काचेवरचा सगळा दाब त्यांनी स्वतःच्या बोटावर घेतला होता. मी विचारलं, "मावशी, बांगडी वाढली असती तर?"

"तर काय. गावात घरोघर फिरली असती." मग दम घ्यायला थांबल्या. "भेव मलेबी वाटते व. हाताले सांगत नाई, एवढंच."

ओटी भरली. ताप पुन्हा आला नाही. आणि सकाळचं म्हणाल, तर दुसऱ्या दिवसापासून पहाटे मावशींच्या बाजूच्या भिंतीवर तीन थापा पडू लागल्या. नवऱ्याला पुढे कधी उशीर झाला नाही.

ते गेले त्यानंतर चौदा वर्षांनी, दुपारी, गिरणीतच छातीत कळ येऊन. माहेरी तार गेली, पण कोकणातून माणूस यायला दोन दिवस लागणार. गल्लीतल्या बायका जमल्या. कुणीतरी पाट्याचा वरवंटा आणला. माझे हात त्या दिवशी किती मोठे झाले होते ते मलाच ठाऊक.

भागामावशींना तेव्हा काठीशिवाय चालता येत नव्हतं. त्या आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि वरवंटा पायाने बाजूला सारला. माझा हात मांडीवर घेतला.

"तुमच्या खाडीले भरती येते तवा आवाज कसा येतो व?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला लागले. किती वेळ सांगत होते कोण जाणे. त्या एकेक बांगडी उतरवत होत्या, अख्खी, आणि शेजारी पदरावर ठेवत होत्या. मागून एक बाई म्हणाली, "असं नाही करत, भागाबाई. फोडाव्या लागतात."

मावशींनी वरही पाहिलं नाही.

"म्या भरल्या," त्या म्हणाल्या. "उतरवीन बी मीच."