येतो म्हणून गेलेले सर

वडील जाण्याआधीची दोन वर्षं आमच्या घरात आजारपण हेच मुख्य काम होतं. ते एका सरकारी ऑफिसात शिपाई होते. छातीचं दुखणं लागलं. आधी रजा संपली, मग अर्धा पगार, मग बिनपगारी. येरवड्यात आमची पत्र्याची दीड खोली. अर्ध्या खोलीत त्यांची खाट आणि उरलेल्या खोलीत आई, मी, धाकटी बहीण आणि शिलाई मशीन. आई परकर शिवायची, पिशव्या शिवायची. मशीन थांबलं की वडील विचारायचे, "दोरा संपला का?" बाकी दिवसभर फार बोलणं नसे. हडपसरचे थोरले काका, म्हणजे वडिलांचे भाऊ, आठवड्यातून एकदा सायकलवरून भाजी आणून टाकायचे. बाजारात न खपलेली मेथी, कोथिंबीर, कधी वांगी. त्या भाजीवर आणि आईच्या पायावर घर चाललं.

हे कुणाला कीव यावी म्हणून लिहीत नाही. आळीत सगळ्यांचं थोड्याफार फरकानं असंच होतं, आणि आम्ही कुणाच्या दारात उभे राहिलो नाही. पुढचं कळावं म्हणून एवढं सांगितलं.

मी बारावी पास झालो तेव्हा निकालाचा कागद वडिलांना खाटेवर नेऊन दाखवला. त्यांनी तो वाचला, मग उलटा करून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हतं. "पुढं काय?" म्हणाले. मी "बघू" म्हटलं. नंतर थोड्याच दिवसांत ते गेले.

मला रडू आलं नाही. येणारे-जाणारे म्हणत, पोरगं खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हतो. हातावर झोपून उठलं की तो हात दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तसा मी सगळाच्या सगळा झालो होतो. डोक्यावरचे केस गेले होते. वारा लागायचा तेवढाच काय तो कळायचा. भेटायला आलेला प्रत्येक जण विचारायचा, "कसं झालं?" मग मी सांगायचो. पहाटे दम लागला, पाणी मागितलं, मी तांब्या घेऊन येईपर्यंत मान कलली. पाढे म्हणावेत तसं. शेवटच्या वाक्याला समोरचा "च् च्" करायचा आणि मी गप्प बसायचो.

अशात एका संध्याकाळी सर आले. तेव्हा ते सर आहेत हे आम्हाला माहीत नव्हतं. उंच, वाळलेला माणूस, पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट, हातात सायकल. घरांचे नंबर वाचत आले आणि आमच्या दारासमोर चटईवर बसलेली माणसं बघून थांबले. गळ्यात काहीतरी दोरी होती, ती काढून खिशात कोंबली. कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या सोडायला त्यांना बराच वेळ लागला. मग चटईच्या कडेला बसले. कसं झालं, हे त्यांनी विचारलं नाही. एवढे लोक आले त्यात न विचारणारे ते एकटेच.

काकांनी विचारलं, "हापिसातलं का साहेब?"

ते खोकले. काकांनी त्याचा अर्थ हो असा घेतला आणि सरकून त्यांना जागा दिली.

अर्धा तास बसून ते उठले आणि हात जोडून म्हणाले, "बराय, येतो."

चटईवरची सगळी माणसं त्यांच्याकडे बघायला लागली. शेजारच्या मावशी तोंडाच्या सडेतोड, त्या म्हणाल्या, "अहो, सुतकाच्या घरातून निघताना येतो म्हणायचं नसतं. गुपचूप उठायचं असतं. एवढं वय झालं, कुणी सांगितलं नाही?"

एक बूट पायात, एक हातात, असे ते उभे राहिले. "चुकलं," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा हजर. मावशींनी कपाळाला हात लावला. "आज परत?"

"काल येतो म्हणून गेलो होतो ना," सर म्हणाले. "शब्द गेला तोंडातून. आता न येऊन कसं चालेल?"

आतून, मशीनच्या मागून, आईच्या नाकातून हवा गेल्यासारखा आवाज आला. हसूच असणार. त्याचं मला तेव्हा बरं वाटलं नाही की वाईट वाटलं नाही. सर निघाले तेव्हा मावशींकडे बघून मुद्दाम म्हणाले, "येतो." मग रोजचंच झालं.

त्या दिवसांत चटईवर एकच विषय चालायचा. वडील नोकरीत असताना गेले, तेव्हा सरकार घरातल्या एकाला अनुकंपेवर घेतं. काकांनी सगळी चौकशी केली होती. "सरकारी नोकरी हाय," ते म्हणायचे. "लोकं चपला झिजवत्यात तिच्यापायी. पोराचं वय बसतंय. बापाच्या स्टुलावर पोरगा बसंल. आनि काय पाहिजे?" सगळे माना हलवायचे. मीही हलवायचो. याचा अर्थ कॉलेज बंद, तो स्टूल आणि त्याच्या समोरची घंटा आयुष्यभर, हे मला समजत होतं. पण ते शेजारच्या कुणाबद्दल ऐकावं तसं. काका वाईट माणूस नव्हते. त्यांच्या घरात कुणी सातवीच्या पुढे गेलेलं नव्हतं आणि महिन्याचा पगार कुणाला नव्हता. त्यांना मी बुडताना दिसत होतो आणि हाताला आलेली काठी ते पुढे करत होते.

सर हे सगळं ऐकत बसायचे. एकदा मोरीपाशी मला एकट्याला गाठून त्यांनी विचारलं, "तुला काय पाहिजे?"

"काही नाही," मी म्हणालो. खरंच तसं होतं.

"चालेल," ते म्हणाले.

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी काका अर्ज घेऊन आले. चटईवर अर्ज ठेवला, वर पेन ठेवलं. "कर सही." मी पेन उचललं.

"थांबा जरा," सर म्हणाले.

"का बरं? तुमच्याच हापिसातला अर्ज हाय, साहेब. उलट तुमी चार शब्द घाला की मधी."

"मी त्या ऑफिसातला नाही."

"मंग?"

"कॉलेजात असतो. फुटबॉल शिकवतो."

मावशी पुढे झाल्या. "म्हणजे गेलेल्या माणसाचे तुम्ही कोण?"

"कोणी नाही. ह्याला मी इथल्या मैदानावर खेळताना बघितलं होतं. बॅकला चांगला उभा राहतो. म्हणून मागायला आलो, तर दारात हे. तसंच परत फिरणं बरं दिसलं नाही."

"आनि मंग रोज?"

"रोज येतो म्हणत होतो."

काकांचा आवाज चढला. "मयताच्या घरी बॉलापायी बसला व्हय तुमी?"

आई दाराआड होती. थोरल्या दिराशी ती थेट बोलत नसे. ती म्हणाली, "मावशी, बोलू द्या म्हणावं त्यांना."

सर बोलले, पण फुटबॉलचं नाव नाही. कॉलेज मला खेळाडूंच्या जागेवर घेईल, बी.कॉम.ला, फी माफ होईल, एवढंच.

"आन् घरात काय," काका म्हणाले, "बॉल शिजवायचा?"

"नोकरी सोडा असं कुठं म्हणतोय मी? घ्या की नोकरी. फक्त ह्याच्या नावानं नको, वहिनींच्या नावानं घ्या. त्या ऑफिसात जाऊन विचारून आलोय. बायकोला मिळते."

"आमच्या घरातली बाई साहेबलोकांचे कप विसळनार?"

"पोरानं विसळलेले चालतात?"

"पोराची गोष्ट येगळी."

"कप तेच आहेत," सर म्हणाले.

मग दाराआडून आई थेट सरांनाच म्हणाली, "मला नाही जमायचं. चौथी झालेय मी. त्या ऑफिसात एकदा गेले होते, ह्यांचा डबा द्यायला. फाटकावर कुणीतरी 'काय पाहिजे' म्हणालं, तशी डबा तिथंच ठेवून परत आले."

"नव्या पोराला मी पहिल्या दिवशी खेळ शिकवत नाही, वहिनी," सर म्हणाले. "कुठं उभं राहायचं तेवढं सांगतो. उद्या नुसतं उभं राहून बघा. मी येतो."

काकांनी अर्जाची घडी करून खिशात घातली. "परवा येतो मी. तवर काय ते बघा. न्हाई जमलं तर पोराची सही."

मावशी म्हणाल्या, इतक्यात बाईनं उंबरा ओलांडायचा नसतो. सकाळी आई साधं पांढरट लुगडं नेसली, तिनं पदर कानामागे घेतला आणि आम्ही तिघं बसनं गेलो. ती खिडकीशी बसली, मी तिच्या शेजारी, सर मागे उभे. फाटकावर तिचा पाय अडला. सर तिच्यापुढे गेले नाहीत आणि 'चला' असंही म्हणाले नाहीत. तिथंच थांबून बुटाची नाडी बांधत बसले. ती सुटलेली नव्हती. थोड्या वेळानं आई आपणच आत गेली.

लांब व्हरांडा, टोकाला साहेबांची खोली, बाहेर वडिलांचा स्टूल. एका कारकुनानं ओळखलं. "बसा वहिनी," म्हणाला. ती बसली नाही. स्टुलाकडे तिनं पाहिलंही नाही. भिंतीशी पाण्याचा माठ होता, त्याच्याकडे बघत राहिली.

"माठाला झाकण नाही?"

"होतं. फुटलं," कारकून म्हणाला.

"ह्यांच्या वेळेला होतं?"

"तेव्हा होतं."

"मग पुठ्ठा तरी ठेवायचा. पाल पडली म्हणजे?" कपाटावर जुन्या फायलीचा पुठ्ठा पडला होता. तिनं तो घेतला, पदरानं पुसला, माठावर ठेवला आणि वर ग्लास उपडा घातला. कारकून बघत राहिला.

सर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "झालं. सोमवारी सकाळी ग्राउंडवर ये."

"आई अजून हो म्हणालेली नाही."

"नवा पोरगा आपल्या जागेवरचा खडा उचलून बाहेर टाकतो ना, तेव्हाच मी त्याला टीममध्ये धरतो. तो हो म्हणतो ते नंतर."

काका आले तेव्हा आई दाराआडून बाहेर आली. "दादा, अर्ज माझ्या नावानं भरा." लग्नानंतर ती त्यांच्याशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य. काकांनी थोडा वेळ रस्त्याकडे बघितलं. मग पेन माझ्याकडे सरकवलं. "लिही बाबा. तुजं अक्षर बरं हाय." त्या दिवशी ते चहा न घेता गेले. पुढच्या आठवड्यात भाजी घेऊन आले, नेहमीसारखे.

टीममध्ये गेल्यावर कळलं, आम्ही सगळेच असे आलेलो होतो. आमचा गोलकीपर मार्केट यार्डात ट्रकवरून फेकलेली कलिंगडं झेलायचा. सर त्याच्या मुकादमाला म्हणाले होते, "गाडी खाली झाली की द्या मला. एकही न फोडता परत करतो." कॅम्पातल्या बेकरीवाल्यांचा मुलगा विंगला खेळायचा. सकाळी पाव पोचवायला त्याच्याऐवजी कोण जाईल, हे सर आणि त्याचे अब्बा बसून ठरवत होते म्हणे, आणि फुटबॉलचा विषय निघाला तो चौथ्या भेटीत. पोराच्या अंगावर घरातलं कुठलं ओझं आहे ते सर आधी बघायचे. ते दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर बसतंय का हे शोधायचे. खेळाबद्दल पोराशी बोलणं सगळ्यात शेवटी.

मला मैदानावरही फार काही वाटत नव्हतं. चेंडू छातीवर बसला तर बसला. गोल झाला की बाकीचे धावत एकमेकांच्या अंगावर पडायचे, मी माझ्या जागेवर उभा. एकदा सरांना म्हणालो, "मला आनंदच होत नाही, सर." ते म्हणाले, "बॅकला आनंदाचं काय काम? तुझ्या तोंडावर काही दिसत नाही, त्यामुळे पुढच्याला कळत नाही तू कुठं सरकणार ते. तसाच राहा सध्या." त्या 'सध्या'वर मी बरेच महिने काढले.

आईची नोकरी लगेच लागली नाही. पावसाळा गेला, दिवाळी कंदिलाशिवाय गेली, ती परकर शिवत राहिली. काकांनी मध्ये दोनदा विचारलं, अजून पोराचं नाव घालता येतंय का. मग हुकूम आला. पहिल्या दिवशी तिनं बहिणीची वेणी घातली, डबा घेतला आणि उंबऱ्यात थांबून म्हणाली, "येते." मी बुटांना चिखल लागला होता तो काढत बसलो होतो. "हं," म्हटलं. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी बघत होतो. मग मला रडू आलं. फार नाही. पाणी प्यायलो आणि ग्राउंडवर गेलो.

तीन वर्षं मी त्या टीमकडून खेळलो. कप एकही जिंकलो नाही, एकदा उपान्त्य फेरीपर्यंत पोचलो. मी बी.कॉम. झालो, सेकंड क्लासमध्ये. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. आई त्या ऑफिसात शिपाई म्हणून लागली आणि शिपायांवरची नाईक म्हणून निवृत्त झाली. आज तिला स्वतःच्या नावाची पेन्शन मिळते.