चारशे सतरा नंबरचा दगड

रूलांट फान्तोरने एकतीस वर्षं एकच काम केलं. समुद्राच्या तळाशी पडलेली वस्तू दगड आहे की सुरुंग, हे सांगायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पण दोन युद्धांत आमच्या किनाऱ्यापुढे इतके सुरुंग पेरले गेलेत की अजूनही कुणाच्या ना कुणाच्या जाळ्यात एखादा येतोच. शिवाय तळाशी खडक, नांगर, बॉयलर, पिंपं पडलेली असतात ती वेगळीच. ध्वनिलहरींनी तळ दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या पडद्यावर सगळं एकसारखं दिसतं, एक उजळ ठिपका आणि मागे त्याची सावली. सावली वाचायची आणि निवाडा द्यायचा. सिंट-वालबुर्ग बंदरात रूलांटने दगड म्हटलं की तो दगड, मग वर आणखी कुणी बोलायचं नाही. माणूस मितभाषी, चिकट, जरा घुमाच. बाजारात बटाटा घेतानाही चारी बाजूंनी फिरवून बघायचा. भाजीवाली वैतागून म्हणायची, "घे रे बाबा, फुटणार नाही तो!"

जुनं जहाज स्वतः सुरुंगाच्या डोक्यावर जाऊन उभं राहायचं. खाली पाचशे किलोची दारू आणि वर बटाट्याचं सूप उकळतंय, असे ते दिवस. माणसं हसायची खूप, कारण दुसरं काय करणार? मग ते जहाज भंगारात गेलं आणि नवं आलं. हे नवं जहाज धोक्याच्या जागी जातच नाही. ते दूर उभं राहतं आणि आपल्या पोटातून एक पिवळी होडी पाण्यात सोडतं. होडीत माणूस नाही. ती सोनार ओढत शेतात नांगर फिरवावा तशी फेऱ्या मारते, चित्रं पाठवते, आणि रूलांट बिनखिडकीच्या खोलीत कॉफी घेऊन ती बघतो. काही संशयास्पद दिसलं तर एक छोटं पोहणारं यंत्र कॅमेरा घेऊन जातं. जहाजावरचा स्वयंपाकी म्हणाला, "बरं झालं. मरायचं काम यंत्राला दिलं, आपल्याकडे नुसतं खायचं राहिलं." सगळे हसले. रूलांटला मात्र त्या खोलीत पहिल्या दिवसापासून गुदमरल्यासारखं व्हायचं.

त्याचं कारण एक यादी होती. तळाशी सापडलेल्या प्रत्येक वस्तूला नंबर मिळतो, पुढे लिहितात ती काय आहे आणि कुणी ठरवलं. जुन्या जहाजावर यादीत काही का असेना, दगडावरून जाताना माणसं पुन्हा एकदा डोकावायचीच. आपलाच जीव वर असतो ना! नवं यंत्र असं काही करत नाही. यादीत दगड असेल तर ते त्याचा करडा ठिपका करतं आणि पुढे सरकतं. त्याला शंका येत नाही.

गेल्या वसंतात थोरल्या रेतीचं काम निघालं. थोरली रेती म्हणजे बंदरापासून दोन तासांवरचा उथळ पट्टा. सुरुंगांच्या भीतीने तो कित्येक वर्षं मासेमारीला बंद होता. आता समुद्रात जिकडेतिकडे पवनचक्क्यांची कुंपणं झाली, कोळ्यांना जाळं टाकायला जागा उरली नाही, म्हणून हा पट्टा तपासून खुला करायचं ठरलं. पिवळी होडी अकरा दिवस फिरली. नवव्या दिवशी पडद्याच्या ईशान्य कोपऱ्यात एक करडा ठिपका आला. चारशे सतरा. दगड. आर. फान्तोर.

रूलांटने कॉफीचा कप खाली ठेवला.

बावीस वर्षांपूर्वीचा शुक्रवार होता. भरतीचा जोर होता, पाणी गढूळ, कॅमेरा सोडण्यात अर्थ नव्हता. नक्की बघायचं तर पाणी निवळेपर्यंत सहा तास थांबावं लागलं असतं. आणि शनिवारी सकाळी दहा वाजता धाकट्या भावाचं, गास्पारचं, लग्न होतं. साक्षीदार रूलांट. तेव्हाच्या कप्तानाने विचारलं, "नक्की?" रूलांट म्हणाला, "नक्की. दगड." जहाज घराकडे वळलं. लग्न थाटात झालं, रूलांट नाचलासुद्धा. पट्टा बंद, तिथे कोण जातंय, असं म्हणून त्याने तो विषय मनातून काढून टाकला. खोटं कशाला सांगू, त्या बावीस वर्षांत त्याला झोप छान लागायची.

तो कमांडर आनलोरकडे गेला. चौतिशीची बाई, हुशार, माणसांना धरून वागणारी.

"कमांडर, चारशे सतरा पुन्हा बघू या."

"का?"

"असंच. मनाला वाटतंय."

"चीफ, अर्जात 'मनाला वाटतंय' असा रकाना नाही." ती हसली. "यादीत एकोणीसशे दगड आहेत. तुमच्या मनाला एकेक वाटायला लागला तर आपण नाताळपर्यंत इथेच. आणि हा तर तुम्हीच ठरवलेला! तुमच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर?"

तिथेच बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं: मी खोटं सांगितलं होतं. पण निवृत्तीला आठ महिने राहिलेले, आणि या माणसाकडे त्याच्या शब्दाशिवाय दुसरं होतं तरी काय? तो "बरं" म्हणून परत खोलीत जाऊन बसला. मला त्याची कीव येते आणि रागही येतो, दोन्ही एकदम. पट्टा निर्धोक असल्याच्या कागदावर सही झाली.

शनिवारी धक्क्यावरच्या खानावळीत चिठ्ठ्या निघाल्या. नवी जागा खुली झाली की पहिल्या दिवशी एकच बोट जाते, आणि ती कुणाची हे टोपीतल्या चिठ्ठीवर ठरतं, अशी आमच्याकडची रीत आहे. चिठ्ठी निघाली गास्पारची. गास्पार म्हणजे 'योहाना' बोटीचा तांडेल, मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा, बंदरात सगळ्यांचा लाडका. टाळ्या पडल्या. बियर आली, उकडलेल्या कोळंबीची परात आली. रूलांट भावाशेजारी सरकला.

"गास्पार, एक ऐक. ईशान्य कोपऱ्यात जाऊ नकोस."

गास्पारचा कोळंबी सोलणारा हात थांबला. "का?"

"नको म्हणतो ना. बाकी पट्टा मोठा आहे."

"तुमच्या यंत्राने काय बघितलं तिथे?"

"काही नाही बघितलं."

"काही नाही?" गास्पारने डोळे बारीक केले आणि मग गडगडून हसला. "अरे लबाडा! अकरा दिवस तळ चाळलास, तुला ठाऊक लेपे मासे कुठे झोपलेत! कुणाला देणार होतास तो कोपरा? त्या लांबनाक्या अल्फोन्सला?"

"तुझ्या गळ्याची शपथ..."

"माझ्या कशाला, स्वतःच्या गळ्याची घे की. मोठा भाऊ म्हणे!"

आता हे रूलांटला कळायला नको होतं? कोळ्याच्या घरात जन्मलेला माणूस. इथे बाप मुलाला जागा सांगत नाही, आणि कुणी अमुक जागी जाऊ नको म्हणाला की सगळं बंदर तिकडेच धावतं. पण तीस वर्षं यंत्रांशी बोलून बोलून माणसांशी कसं बोलायचं ते तो विसरला होता.

सोमवारी सकाळी सात वाजता पट्टा खुला झाला. वारा मध्यम, आभाळ शिशासारखं. पट्टा आता निर्धोकच होता, म्हणून नवं जहाज ईशान्य कोपऱ्यापासून दीड किलोमीटरवर येऊन उभं राहिलं होतं. रूलांट खोलीतून रडारवर बघत होता. 'योहाना' पट्ट्यात शिरली. डावीकडे वळली नाही, उजवीकडे वळली नाही. सरळ ईशान्येला गेली आणि दोन्ही बाजूंची जाळी पाण्यात सोडली.

जिन्याच्या सोळा पायऱ्या तो धावत चढला.

"कमांडर, चारशे सतरा दगड नाही. म्हणजे मला माहीत नाही काय आहे ते. मी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी घरी जायचं होतं म्हणून दगड म्हणालो. माझा भाऊ तिथे जाळं ओढतोय."

आनलोरचा चेहरा पांढरा पडला. पण ती ओरडली नाही. "यंत्र सोडा," ती म्हणाली. "आणि रेडिओवर 'योहाना'ला बोलवा."

'योहाना' उत्तर देईना. जाळं ओढताना गास्पार रेडिओ बारीक करून ठेवायचा, लोकांच्या फुकटच्या चौकशा नकोत म्हणून. पोहणारं यंत्र चौदा मिनिटांनी जागेवर पोहोचलं. पडद्यावर वाळू दिसली, मग एक लांबट खड्डा, माणूस झोपून उठल्यावर गादीवर राहावा तसा. खड्डा रिकामा होता. तिथून जाळ्याच्या साखळ्यांचा ताजा चर निघाला होता. कॅमेरा चराच्या मागे मागे गेला आणि एका ठिकाणी चर संपला. तिथून वस्तू वर उचलली गेली होती.

तेवढ्यात रेडिओ खरखरला.

"काय रे, सारखा काय बोलावतोस?" गास्पार धापा टाकत होता. "जाळं वर येतंय. असलं जड की बोट कलली! म्हटलं नव्हतं, लेपे इथेच..."

"गास्पार, विंच थांबव!"

"चल हट. पोट दुखतंय का तुझं?"

"थांबव! तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी इथे खोटं बोललो. खाली सुरुंग होता. मी दगड म्हणालो. थांबव, पाया पडतो तुझ्या!"

जाळं ओढणाऱ्या विंचची घरघर थांबली.

"तो बाहेर आलाय," गास्पार म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "जाळ्यात आहे. लांबडा, गंजलेला, माझ्याएवढा. कठड्यापासून हातभर लोंबतोय."

"हळूहळू खाली सोड."

"हा विंचचा ब्रेक कसा आहे तुला माहितीय. हळू सोडायला गेलो की सटकतो. सरळ बोटीच्या कुशीवर आपटेल. पायाने दाबून उभा आहे मी."

आनलोरने पुढे होऊन रेडिओ घेतला. गड्यांना तराफ्यात उतरवा, म्हणाली, आमची पिवळी होडी येते, तिच्यात बसा. होडी गेली. माणूस मरायला नको म्हणून जिच्यात माणूसच नसायचा, ती तीन माणसं घेऊन परत फिरली. कॅमेऱ्यात रूलांटने तोंडं मोजली. तीन. 'योहाना'वर चारजण होते.

"ब्रेक सोडता येत नाही रे," गास्पार म्हणाला. "बांधायचा प्रयत्न केला. लाट आली की दोर सुटतो."

आनलोरने रूलांटकडे न बघता हुकूम दिला. जहाज तीन किलोमीटर मागे. "चीफ, जहाजावर पस्तीस माणसं आहेत," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. नियम बरोबर होता. हे जहाज बांधलंच होतं त्यासाठी. इंजिन सुरू झालं.

"रूलांट, आहेस ना?"

"आहे."

"त्या दिवशी तुला पडद्यावर नक्की काय दिसलं होतं?"

"मी घड्याळ बघत होतो. साडेचार वाजले होते. आता निघालो तर रात्री तुझ्याकडे जेवायला पोहोचतो, एवढंच बघितलं."

"पोहोचला होतास."

"हो."

विंच कुरकुरला. एक लाट गेली असावी.

"पाय भरून आलाय," गास्पार म्हणाला. "तू बोलत राहा. काहीही बोल."

आणि रूलांट बोलू लागला. आयुष्यात बोलला नव्हता इतका तो बोलत राहिला, बटाट्यांवर, आईवर, लग्नात सांडलेल्या सॉसवर, आणि समोरच्या पडद्यावर 'योहाना'पर्यंतचं अंतर वाढत चाललं होतं. दीड हजार मीटर, सोळाशे, अठराशे.