बाहेरची कडी

केरबाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. भाकऱ्या थापायच्या, धाकट्या भावाला, आनंदाला, समोर बसवून गोळी द्यायची, मग त्याच्या खोलीला बाहेरून कडी घालून सायकल हाणायची. शिवाजी पेठेतून उद्यमनगरात सातच्या पाळीला तो कधी उशिरा पोचला नाही. मी आणि केरबा एकाच फौंड्रीत मोल्डर, ओतकामासाठी वाळूचे साचे करणारे. एकतीस वर्षांत त्याचा साचा मोडलेला मी चारदा पाहिला असेल.

आनंदाला कोणी नसताना आवाज ऐकू येत. एकदा त्या आवाजांमागं निघाला तो पार लांब कुरुंदवाडात सापडला. तेव्हापासून ती कडी. ती घालताना केरबा मान वर करत नसे.

तीन वर्षांपूर्वी आनंदावर उपचार करणाऱ्या डॉक्टर निशिगंधांनी त्याला एका अभ्यासात भाग घेशील का, असं विचारलं. मेंदूचे निरनिराळे भाग एकमेकांशी जोडून कसं काम करतात, ते त्या एमआरआयवर पाहत होत्या, आजारी माणसांत आणि धडधाकट माणसांतही.

"यानं आनंदा बरा होणार नाही," त्यांनी आधीच सांगितलं. "पण आजार समजायला मदत होईल. चाळीस मिनिटं न हलता पडायचं. मशीन फार वाजतं. नको असेल तर नाही म्हणा."

"पडतो की," आनंदा म्हणाला. मग केरबाकडं वळला. "दादा, जमलं तर भायेरची कडी काढायची. बोल, व्हय का न्हाय?"

केरबानं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. "व्हय," म्हणाला.

मालकाला विचारून केरबा त्याला रोज पाळी सुटल्यावर न हलता पडायच्या सरावाला फौंड्रीत आणू लागला. साच्याची काळी, ओलसर वाळू चाळून जमिनीवर पसरली आणि आनंदाला तिच्यावर उताणा झोपवला. शेजारी ओतीव कास्टिंगवरची वाळू झाडणारं यंत्र धडधडत होतं. टाच जरा हलली तरी वाळूतल्या ठशाची कड ढासळते.

पहिल्या दिवशी केरबानं ठसा पाहिला. "म्हस लोळली काय रं हितं?"

"तू झोपून दाव की!"

केरबा झोपला. उठला तेव्हा कड शाबूत. आनंदा पुन्हा आडवा झाला.

नवव्या दिवशी आनंदाच्या सदऱ्याची शिवणसुद्धा वाळूत उमटली.

धडधाकट माणूस हवा म्हणून तपासणीला मीही गेलो. मी दोनदा पाय हलवला. माझं चित्र बाद. आनंदाचं स्वच्छ आलं.

डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. "माणूस नुसता पडून असला तरी हे भाग आपसात बोलत असतात."

"माज्यात जरा जास्तच बोलत्यात म्हणायचं," आनंदा म्हणाला. मग माझ्याकडं बघून हसला. "काय ओ, शहाण्या माणसाचाच साचा मोडला की!"

केरबा त्या दिवशी इतका मोठ्यानं हसला, की बाहेरची माणसं आत डोकावली.

घरी जाऊन त्यानं आधी कडी उखडली. दाराला भोकं राहिली. आनंदा गोळ्या अजून घेतो, आवाजही अधूनमधून येतात. पण तो कुठं निघून गेला नाही.

गेल्या वर्षी केरबा निवृत्त झाला. फंडाचे पैसे हाती आले, तसा तो थेट सुताराकडं गेला. आनंदाच्या खोलीला आता नवा सागवानी दरवाजा आहे. कडी एकच, आतल्या बाजूला. मी गेलो की दार वाजवतो आणि आनंदा उघडेपर्यंत थांबतो.