रिक्लॉकर आणि मामांचे टाळ

माझे मामा साखर कारखान्याच्या मिलमध्ये फिटर होते. गाळपाच्या हंगामात घरी आले तरी मोठ्यानंच बोलायचे. गाण्याचं वेड मला त्यांच्यामुळंच लागलं. "रिटायर झालो की चांगली सिस्टिम घ्यायची, आन् निवांत ऐकत बसायचं," असं ते नेहमी म्हणायचे. तोवर जुन्या टेपवर भागवत होते.

रिटायर झाल्यावर निमगाव केतकीच्या घरी त्यांनी खरंच स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि डॅक घेतला. डॅक म्हणजे कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाज करणारी पेटी. मी बारामतीहून जाऊन सगळं जोडून दिलं. पण कॉम्प्युटरची वायर थेट डॅकला लावली होती, आणि मला आवाज कोरडा वाटला. वाचल्यावर कळलं, की मधे डीडीसी लावतात. तो आकडे जास्त स्वच्छ वाटेनं डॅककडं पाठवतो. त्यापुढं रिक्लॉकर, तो त्यांची विसकटलेली लय पुन्हा बांधून देतो. यानं खरंच फरक पडतो का, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. मामा म्हणाले, "मागव की. आता थांबायचं कशापायी?"

डीडीसी आणि रिक्लॉकर, या दोन्ही पेट्या आल्या तो बाजाराचा दिवस होता. मामी भाजी आणायला गेली होती. मामांच्या आवडीचं भजन आधी पेट्यांशिवाय लावलं, मग पेट्या जोडून. मला तरी फरक वाटला. टाळांची किणकिण हवेत विरेपर्यंत ऐकू येत होती.

"मामा, टाळ ऐकलेत?"

"कुठलं टाळ?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. पुन्हा लावलं. ते डोळे मिटून, मान पुढं काढून ऐकत राहिले.

"पखवाज हाय. गळा हाय. टाळ न्हाईत ह्यात."

माझ्या तोंडाकडं बघूनच ते काय समजायचं ते समजले.

बारामतीच्या डॉक्टरांनी कान तपासले. बारीक, उंच आवाज ऐकू येणं मिलच्या धडधडाटात कधीच गेलं होतं. परत येताना गाडीत मामा बराच वेळ बाहेर उसाकडं बघत होते. मग म्हणाले, "सिस्टिम नोकरीत असतानाच घ्यायला पायजे हुती रं." कानाला मशीन मिळालं, बोलणं कळू लागलं. पण त्यातून गाणं पत्र्यावर वाजल्यासारखं येतं म्हणून गाण्याच्या वेळी ते काढून ठेवतात.

"त्या पेट्या घिऊन जा तुझ्या घरी," असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी नेल्या नाहीत. रविवारी जातो, भजन लावतो आणि टाळ येतील तिथं त्यांच्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरतो. कधी ते मान डोलावतात. कधी माझा हात हळूच बाजूला करतात, "ऱ्हाऊ दे" म्हणतात आणि नुसता पखवाज ऐकत बसतात.