दोनदा उचललेला भंडारा

समुद्र बघितलाय का, असं कुणी विचारलं की मी ‘हो, एकदा’ म्हणतो आणि विषय बदलतो. गेल्या महिन्यापर्यंत बायकोलाही त्या प्रवासाबद्दल धड काही सांगितलं नव्हतं. आज सांगतो.

आमच्याकडं ‘सहल’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. दूध संस्थेची निवडणूक झाली, संचालक निवडून आले, की चेअरमनच्या निवडीपर्यंतचे दिवस फार नाजूक. बहुमत काठावरचं असेल तर पुढारी आपल्या बाजूचे संचालक जीपमध्ये घालतो आणि लांब नेतो. मोबाईल पिशवीत जमा होतात. देव दाखवतात, मासे खाऊ घालतात आणि निवडीच्या दिवशी थेट सभेच्या दारात उतरवतात. याला सहल म्हणायचं.

त्या वर्षी आमच्या वस्तीच्या पॅनेलला एकच जागा जास्त मिळाली होती. पॅनेलचे पुढारी आमचे दादा, माझे चुलत भाऊ. माझे वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. दादांनी आधी माझं शेत पेरलं, मग स्वतःचं. दुष्काळ असा होता की गोदावरीच्या पात्रात पाण्याऐवजी वाळूचे ट्रॅक्टर दिसायचे. अर्धी वस्ती ऊसतोडीला गेलेली. मागं म्हातारीकोतारी आणि जनावरं. संस्थेमार्फत चारा छावणी सुरू होणार होती. दादा चेअरमन झाले तर ती वस्तीजवळ होणार, समोरच्या पॅनेलचा पुढारी झाला तर पार हायवेला, त्याच्या रानात. दादांनी निवडणूक लढवली ती त्या छावणीसाठी.

मी दादांच्या पॅनेलमधून निवडून आलो, आणि त्याच आठवड्यात समोरचा पुढारी माझ्या मोसंबीच्या बागेत आला. झाडांची पानं गोळा होऊन कानाच्या पाळीसारखी वळली होती. त्यानं एक पान हातात घेतलं, चुरगाळलं. चुरा झाला.

“पोटच्या लेकरावानी वाढवलीत,” तो म्हणाला. “माझ्या बोअरला पाणी हाय. टँकर पण माझाच हाय. झाडं जगवायची का चेअरमन करायचा, तुमचं तुमी बघा.”

मी बघितलं. गावच्या खंडोबाच्या देवळात, त्या पुढाऱ्यासमोर, मी भंडारा उचलून शपथ घेतली. मत त्याला. दुसऱ्या दिवशी टँकर आला. घरी सांगितलं, ओळखीतून मिळाला.

आणि त्यानंतर लगेच दादांनी आम्हाला सहलीला काढलं.

ताम्हिणी घाट उतरताना जीपमधले सगळे खिडकीला नाक लावून होते. मी मधल्या सीटवर, काच खाली-वर, खाली-वर करत होतो. शेवटी शेजारचा संचालक म्हणाला, “अहो, काच हाय ती. हापसा न्हाई. कितीबी हलवा, पाणी येणार न्हाई.” सगळे हसले. मीही हसलो. दादा पुढच्या सीटवरून वळून आमच्याकडं बघत होते, एकेकाचं तोंड वाचत. माझ्या तोंडावरून त्यांची नजर तशीच पुढं जायची.

हरिहरेश्वरला पोचलो. देवळाच्या मागं काळ्या खडकावर लाटा आपटत होत्या आणि मला ते बघवेना. एवढं पाणी असं वाया चाललेलं बघायची आमच्या डोळ्यांना सवय नाही. दर्शन झालं तसं दादांनी खिशातून पुडी काढली. भंडारा गावाहून आणलेला. बेलाचं पान देवळातलं.

“हे बघा,” दादा म्हणाले, “अविश्वास न्हाई. पण एकदा उचलला की माझ्या जिवाला शांती.”

एकेकानं उचलला. माझी पाळी आली. त्या क्षणी मी मनात काय जुळवाजुळव केली, ते सांगायची आजही लाज वाटते. मी म्हटलं, हा देव आपला नाही, कोकणातला आहे. आपल्या खंडोबाला दिलेली शपथ आधीची. आधीची ती खरी. आणि भंडारा उचलला. कपाळाला लावला.

राहिले चाचा. आमच्या पॅनेलचे एकटे मुसलमान संचालक, दोन म्हशींचं दूध घालणारे, वडलांच्या वयाचे. दादा म्हणाले, “चाचा, तुमी तुमच्या पद्धतीनं घ्या. उद्या जुम्मा हाय. मुरुडला मशिदीत घ्या.”

चाचा म्हणाले, “न्हाई.”

“कावून?”

“अल्लाला चेअरमनच्या निवडीत कशाला गुंतवू? जबान दिली तुला. झालं की.”

“जबान सगळेच देतात, चाचा.”

“मग सगळ्यांचीच घेऊ नको.”

कुणीतरी खोकलं. दादांनी पुडी बांधून खिशात ठेवली, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिघीहून खाडी ओलांडली. फेरीबोटीवर जीपसकट चढायचं, हे आम्हाला नवलच. दोन्ही काठांना चिखलात पाय रोवून उभी असलेली खारफुटीची झाडं, गर्द हिरवी. खाऱ्या पाण्यात उभी राहून हिरवी! मी हिशेब करत होतो, आज टँकर आला असेल का. मोबाईल पिशवीत होता. बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी फेऱ्या मारत राहिलो. ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, चालत गेलात तरी बोट आदी न्हाई पोचायची.”

मुरुडला चाचा नमाजला गेले. दादांनी ड्रायव्हरला मशिदीबाहेर बसवलं. तो चहाला म्हणून उठला आणि तिकडंच रमला. नमाज सुटली, माणसं पांगली, चाचा दिसेनात. जंजिऱ्याच्या होड्या नमाजनंतर सुटत होत्या, आमची होडी थांबलेली. दादा धक्क्यावर येरझाऱ्या घालत होते. बऱ्याच वेळानं चाचा आले, हातात ओल्या सुरमईचा तुकडा पानात बांधलेला.

“कुठं गेलते?”

“मौलवी भेटले. आपल्याकडच्या दुष्काळाचं विचारत होते. बसवून घेतलं, जेवू घातलं. हे वर दिलं.”

दादांनी होडीवाल्याला हात केला. पण जीपमधल्या प्रत्येकाच्या डोक्यात ते ‘बऱ्याच वेळानं’ जाऊन बसलं. माझ्याही. खोटं कशाला बोलू, मला त्या वेळी बरं वाटलं. दादांची नजर दुसरीकडं गेली म्हणून.

शिडाची होडी किल्ल्याच्या पार जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही. आत पडक्या भिंती, तोफा, एक जुनी मशीद, आणि मधोमध मोठं तळं. होडीवाला म्हणाला, हे पाणी गोडं आहे. चारी बाजूंनी समुद्र आणि आत गोडं पाणी. बाकीचे तोफेवर बसून फोटोवाल्याकडून फोटो काढून घ्यायला गेले. मी तळ्याच्या पायरीवर उभा राहिलो. शेवाळानं हिरवं झालेलं पाणी, पण पाणी. चाचा शेजारी येऊन बसले.

“किती झाडं जगतील बे एवढ्यात?” त्यांनी विचारलं.

मी दचकलो. “कशाची?”

“मोसंबीची. दुसऱ्या कशाची?” ते पाण्याकडं बघत होते. “सगळ्यांची वाळली. तुझ्या आळ्यात ओल हाय. मी म्हशी घेऊन बांधावरून जातो, दिसतं मला.”

“ओळखीतून मिळालं पाणी, चाचा.”

“हां,” चाचा म्हणाले. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले. “ओळख लई महाग पडती कधी कधी. बघ. अजून येळ हाय.”

वेळ होती. परतीचा सगळा रस्ता होता. मी दादांच्या खांद्यावर मागून हात ठेवायला दोनदा हात उचलला. एकदा त्यांनी वळून विचारलं, “मळमळतंय का रे? लिंबू देऊ?”

सभेत चिठ्ठ्या टाकून मतदान झालं. मी आडोशाला उभा राहून समोरच्या पुढाऱ्याच्या नावापुढं खूण केली. दादा एका मतानं पडले.

बाहेर आल्यावर कुणालाच विचार करायला वेळ लागला नाही. भंडारा न उचलणारा एकच होता. नमाजला जाऊन उशिरा येणारा एकच होता. दादांनी सगळ्यांदेखत चाचांना बोलून घेतलं. ‘शेवटी आपल्या वळणावर गेलात’ इथपर्यंत गेले. चाचांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी चपलेचा अंगठा नीट करत होतो. चाचा म्हणाले, “जबान दिलती तुला,” आणि चालू लागले.

छावणी हायवेला झाली. वस्तीवरची म्हातारी माणसं जनावरं घेऊन तिकडं जाऊन राहिली. चाचांना डेअरीवर कुणी ‘या’ म्हणेना. त्यांचं दूध मापताना मागं कुजबूज चालायची. पाऊस पडायच्या आत त्यांनी म्हशी विकल्या आणि गेवराईला लेकीकडं राहायला गेले. माझी झाडं जगली. पुढच्या बहाराला अशी लगडली की फांद्यांना टेके द्यावे लागले.

मध्ये बरीच वर्षं गेली. मी चाचांच्या वाटेला गेलो नाही. गेवराईच्या बाजारात लांबून ती पांढरी टोपी दिसली की दुसरी गल्ली धरायचो. गेल्या महिन्यात कुणीतरी डेअरीवर सहज बोललं, म्हातारा आता उठत नाही, पण गावाकडचं कुणी आलं का म्हणून विचारतो. दादा किटलीतून दूध ओतत होते. ते म्हणाले, “विचारू दे. फुटलेल्याला गाव कशाला पायजे.”

मी तिथंच बोललो. जुळवून काही बोलता आलं नाही. “दादा, ते मत माझं होतं,” एवढंच. मग टँकरचं, खंडोबाचं, आणि हरिहरेश्वरला दुसऱ्यांदा उचलल्याचं. आजूबाजूला माणसं होती. दूध मापणारा माप हातात धरून थांबला.

दादांनी रिकामी किटली खाली ठेवली. झाकण लावलं. पुन्हा काढलं. मला वाटलं, फेकून मारतील.

“झाडं जगली ना?” त्यांनी विचारलं.

“जगली.”

“मला मागितलं असतं तर मी दिलं असतं का पाणी?”

“तुमच्याकडं तरी कुठं होतं, दादा.”

“न्हवतंच,” ते म्हणाले. किटली बाजूला सरकवली. मग म्हणाले, “गाडी काढ.”

“कुठं?”

“गेवराईला. मत तू फोडलंस, पण तोंड माझं सुटलं होतं.”

गेवराई जवळ आली तसे दादा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मी समुद्र बघितलाच न्हाई बघ त्या टायमाला. सारा येळ तुमच्याकडंच बघत होतो. एकेकावर नजर होती माझी.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “तू सोडून. तू घरचा.”

मी काच खाली केली. मग वर केली. चाचांची गल्ली आली तेव्हा दादांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, “बास आता. उतर. आदी तू बोल, मग मी.”