होडीतून कुणाला उतरवायचं

आमच्या लाईनवर एक माणूस होता, त्याला सगळे मामा म्हणायचे. वय पंचेचाळीसच्या पुढं, करमाडहून मोटारसायकलवर यायचा. सात वर्षं कंत्राटावर होता आणि या वर्षी तरी कायम होऊ, या आशेवर होता. मी त्या लाईनचा सुपरवायझर. मुकुंदवाडीहून कंपनीच्या बसनं शेंद्र्याला जाणारा, बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली की दिवस चांगला गेला असं समजणारा माणूस.

आमचं काम गाड्यांचं वायरिंग बांधायचं. चेकर चुकलेला पीस हातात घेऊन आला आणि "कुणाचा हा?" म्हणाला, की सगळी लाईन एका सुरात ओरडायची, "मामा!" मामा हात वर करायचा, "व्हय, माझाच. आण इकडं." दोन मिनिटांत नीट करून द्यायचा. दहातले नऊ पीस त्याचे नसायचे. पण कुणाचा यावर वाद घालत बसलं तर लाईन थांबते, आणि मामाला राग येत नाही, हे सगळ्यांना पाठ झालं होतं. मलाही.

एका शनिवारी कॅन्टीनमध्ये टीम बिल्डिंग ठेवलं. पुण्याहून ट्रेनर आले होते, उत्साहानं नुसते ओसंडत होते. आधी वर्तमानपत्र अंथरून त्यावर सगळ्यांनी उभं राहायचं, मग त्याची घडी घालून पुन्हा उभं राहायचं. बाया-बाप्ये एकमेकांना धरून हसत होते. मग चिठ्ठ्या वाटल्या. होडी बुडतेय, एक जण उतरला तर बाकीचे वाचतील, त्या एकाचं नाव लिहा.

मी म्हणालो, "लिहा मामा, विषय संपवा. चहा थंड होतोय."

अकरा चिठ्ठ्या. दहांवर मामा, आणि मामाच्या स्वतःच्या चिठ्ठीवर 'मी'. ट्रेनर खूश झाले. एवढं एकमत त्यांनी पाहिलं नव्हतं म्हणे. कारण विचारलं तर एक बाई म्हणाली, "मामाला लई भारी पोहता येतंय सर. हिरीत शिकलेला माणूस. खाली उतरून होडी ढकलत नेईल ना तो." सगळे हसले. मामा सगळ्यात जास्त हसला.

एचआरची मुलगी टेबलाशी बसून तक्ता भरत होती. तिनं मला विचारलं, "सर, मामा म्हणजे कोण? पूर्ण नाव हवंय." मी पूर्ण नाव सांगितलं. गेटपासचा नंबरही तोंडपाठ होता, तोही सांगितला. आपल्या माणसांचे नंबर आपल्याला पाठ आहेत याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. तक्त्यात कारणाचा रकाना नव्हता.

दोनेक महिन्यांनी ऑर्डरी कमी झाल्या. प्रत्येक लाईनवरून एक कंत्राटी माणूस कमी करायचा होता. मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावून तो तक्ता माझ्यापुढं सरकवला. "तुम्हाला त्रास नको. तुमच्या टीमनंच एकमतानं ठरवलंय."

पोहण्याचं सांगायला दोन वाक्यं लागली असती. पण मग दुसरं नाव मला द्यावं लागलं असतं. मी म्हणालो, "ठीक आहे सर." बाहेर आलो, पाणी प्यायलो, लाईनवर गेलो. वाईट वाटेल म्हणून थोडा वेळ वाट पाहिली. काहीच वाटलं नाही. संध्याकाळी बसमध्ये झोप लागली, जाग आली ती थेट मुकुंदवाडीला.

शेवटच्या दिवशी मामानं गेटपास जमा केला आणि माझ्याकडं आला. त्याला तक्त्याचं कुणीच सांगितलं नव्हतं. ऑर्डर नाही म्हणून काढलं, एवढंच त्याला ठाऊक.

"साहेब, वाळूजला एका ठिकाणी बोलणं चाललंय. तुमचा नंबर देऊ का? सांगा त्यांना, सात वर्षांत लाईनवरचं एक माणूस माझ्या विरोधात गेलं नाय."

"दे ना," मी म्हणालो.

मामाच्या जागेवर आता कुणी नाही. चेकर पीस घेऊन येतो, कुणाचा म्हणून विचारतो, आणि सगळे आपापल्या वायरींकडं बघत राहतात. मला त्याचा राग येतो, आणि तो राग खरा आहे, बाकी कशाचं फारसं काही वाटत नाही.

वाळूजहून फोन आला. एक बाई बोलत होत्या, घाईत होत्या. माणूस कसा होता? मी म्हणालो, चांगला. कामाला? चांगला. टीमबरोबर? चांगला.

"मग तुम्ही ठेवलं का नाही?"

ऑर्डर कमी होत्या, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"मला कल्पना नाही मॅडम," मी म्हणालो. "ते वरून ठरतं."

त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला. मामाचा फोन दुपारी आला. मी उचलला नाही.