उंबऱ्याबाहेरची बैठक

मी कुवेतला पोचलो तेव्हा शहराभोवतीची जुनी मातीची तटबंदी नुकतीच पाडली होती. गल्ल्यांतून राहणारे व्यापारी तटाबाहेरच्या मोकळ्या वाळूत नवी घरं बांधत होते. अशाच एका व्यापाऱ्याकडे मी नोकरीला होतो. ते पाण्याचे पंप आणि जनरेटर मागवून विकायचे. ते बसवायचे, बिघडले की उघडायचे, हे माझं काम. आम्ही नोकर माणसं मालकांना 'अम्मी' म्हणायचो. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ काका. रत्नागिरीकडच्या आमच्या घरात अम्मी म्हणजे आई. त्या उंच, दाढीवाल्या माणसाला तशी हाक मारताना पहिले काही दिवस मला हसू दाबावं लागायचं.

अम्मींच्या नव्या घराला एक नियम होता. आत हत्यार न्यायचं नाही. पुरुषांच्या बैठकीच्या खोलीला तिकडे दिवाणिया म्हणतात. तिच्या दाराबाहेर एक लाकडी पेटी ठेवली होती. बंदूक असो, खंजीर असो, पाहुण्याने ते तिच्यात ठेवायचं आणि मग चपला काढून आत यायचं. एकदा एका बड्या शेखांचा अंगरक्षक दारात अडून बसला. शेखांनीच मागे वळून त्याला सांगितलं, "घर त्यांचं आहे. ठेव ती पेटीत." मी तेव्हा दाराशी पंखा बसवत होतो. माझ्या गावात बंदूक एकाच घरी होती, रानडुकरांसाठी, आणि त्या घरासमोरून जाताना लोक आवाज खाली करायचे. इथे बंदूकवाल्यालाच हात रिकामे करावे लागत होते. मला त्याचं फार नवल वाटलं.

नियमाचं कारण पहारेकऱ्याने मला सांगितलं होतं. जुन्या घरात एका पाहुण्याने भरलेली बंदूक भिंतीला टेकवून ठेवली होती. ती घसरली आणि बार उडाला. गोळी लागलेल्या धाकट्या भावाने अम्मींच्या मांडीवर प्राण सोडला.

त्या वर्षी हिवाळा सरता सरता अम्मींचा तंबू वाळवंटात लागणार होता. जनरेटर घेऊन मी आणि बसऱ्याचा एक ड्रायव्हर ट्रकमधून निघालो. दुपारी धुळीचं वादळ उठलं. आकाश तांबूस झालं, मग तपकिरी, आणि ट्रकची चाकं मऊ वाळूत रुतली. चाकाखाली घालायला झुडपं तोडून आणावीत म्हणून मी उतरलो. वाकून दोन-तीन झुडपं उपटली, वळलो, तर ट्रक नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, पण वारा तो आवाज कधी डावीकडे नेई, कधी उजवीकडे. मी ओरडलो तर तोंडात वाळू भरली. घरची माणसं डोळ्यांसमोर आली. मी खाली बसलो आणि कलमा म्हणू लागलो.

तेवढ्यात बंदुकीचा बार ऐकू आला. थोड्या वेळाने पुन्हा एक, त्याच दिशेने. तो आवाज वाऱ्याने इकडेतिकडे होत नव्हता. मी उठलो आणि त्या रोखाने चालू लागलो. बार थांबला की मी थांबायचो, झाला की चालायचो. शेवटी शेळ्यांच्या काळ्या केसांपासून विणलेल्या एका तंबूसमोर पोचलो. एक म्हातारा बेदुइन तंबूच्या दोरीला टेकून उभा होता आणि आभाळाकडे बार काढायला बंदुकीत पुढचं काडतूस भरत होता.

"एकटाच आहेस?" त्यांनी विचारलं.

"ड्रायव्हर मागे आहे, ट्रकमध्ये."

"हॉर्न माझ्या बायकोने ऐकला. ती म्हणाली, माणसं आहेत." एवढं बोलून त्यांनी पुन्हा बार काढला. ड्रायव्हर येईपर्यंत ते बार काढत राहिले. काडतुसं त्यांच्यासाठी किती मोलाची होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त त्यांच्या हातांकडे बघत होतो.

अम्मींना हे कळलं तेव्हा त्यांनी माणूस पाठवून म्हातारबाबांना जेवायला बोलावलं. त्या संध्याकाळी दिवाणिया भरली होती. म्हातारबाबा आले ते खांद्यावर तीच बंदूक घेऊन.

पहारेकऱ्याने पेटीचं झाकण उघडलं. "बाबा, हिला इथे ठेवा."

"का?"

"घरमालकांचा नियम आहे."

म्हातारबाबा रागावले नाहीत. "ही माझ्या वडिलांची. लांडगा आला तर हिच्यावर माझ्या शेळ्या जगतात. दुसऱ्याच्या कुलपात मी हिला कधी ठेवलेली नाही."

मी मध्ये उभा होतो. ज्या बंदुकीने मला वाचवलं ती एका बाजूला, ज्याचं मीठ खातो त्याचा उंबरा दुसऱ्या बाजूला. अम्मी स्वतः दारात आले. मागून त्यांचा एक नातेवाईक म्हणाला, "आजच्या दिवस राहू दे. याने तुझी माणसं वाचवली. हा काय शत्रू आहे?"

"माझा भाऊ गेला तेव्हाही घरात शत्रू कुणी नव्हता," अम्मी म्हणाले. "ती बंदूकही अशाच एका भल्या पाहुण्याची होती."

म्हातारबाबांनी मान वर केली. "तुझा भाऊ?"

अम्मींनी दोन वाक्यांत सांगितलं.

"अल्लाह त्याच्यावर दया करो," म्हातारबाबा म्हणाले. "घर तुझं आहे. इथे तुझाच शब्द चालला पाहिजे. मी आत येत नाही."

"आणि मी तुझी बंदूक मागत नाही."

मग म्हातारबाबांनी विचारलं, "तुझं घर कुठपर्यंत?"

"या भिंतीपर्यंत."

ते भिंतीपासून थोडे पुढे गेले, अंगावरचा सैल झगा, अबा, काढून वाळूवर अंथरला आणि बसले. "मग मी इथे तुझा पाहुणा."

अम्मी आत गेले, खाली वाकले आणि बैठकीतल्या मोठ्या गालिच्याचं टोक उचललं. "दुसरं टोक धर," ते मला म्हणाले. गालिच्यावर बसलेले व्यापारी गडबडीने उठले. आम्ही तो दारातून बाहेर काढला आणि वाळूवर पसरला. पांढऱ्याशुभ्र झग्यांतली ती मोठी माणसं एकामागून एक बाहेर आली आणि म्हातारबाबांच्या भोवती बसली. कॉफीची किटली आली, भाताची परात आली, आख्खं मेंढरू आलं. रस्ता अजून झालेला नव्हता. समोर पार क्षितिजापर्यंत वाळू आणि तिच्यावर टेकलेला सूर्य.

अम्मी स्वतः कॉफी ओतायला वाकले. म्हातारबाबांच्या मांडीवर आडवी बंदूक होती. नळीकडे बघत अम्मींनी किटली कपावर तशीच धरून ठेवली. म्हातारबाबांच्या ते ध्यानात आलं असावं. कुणी काही न सांगता त्यांनी बंदूक उघडली, काडतुसं काढून कमरेच्या पिशवीत टाकली आणि रिकामी नळी अम्मींना दिसेल अशी वळवली. अम्मींनी मान हलवली आणि कप भरला. दोघांपैकी कुणीही आपलं सोडलं नव्हतं, आणि तरी दोघं एका परातीतून जेवत होते.

त्यानंतर म्हातारबाबा दर हिवाळ्यात यायचे आणि त्या दिवशी बैठक बाहेर भरायची. पुढे समोर डांबरी रस्ता झाला, पलीकडे घरं उठली. तरी गालिचा भिंतीलगतच्या पट्टीवर पडायचा आणि मोटारवाले गाडी हळू करून बघायचे.

मग एका हिवाळ्यात त्यांचा मुलगा आला. पँट-शर्ट घातलेला, तेल कंपनीत नोकरी करणारा. वडील गेल्याचं त्याने दारातच सांगितलं. अम्मी त्याला हाताला धरून आत घेऊन गेले, आपल्या शेजारी बसवलं.

"बंदूक कुठे असते आता?" अम्मींनी विचारलं.

"माझ्याकडेच. भिंतीवर टांगलीय."

"रिकामी आहे ना?"

"रोज बघतो, अम्मी. मुलं लहान आहेत."

अम्मींनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला कॉफी आणायला सांगितली.